ट्रॅक्टरच्या टर्बोवाल्या मिस्त्रीभाऊंना जाहीर आभार

मिस्त्रीभाऊ, सप्रेम नमस्कार.

तुमचं दुकान ट्रॅक्टरचं, हार्वेस्टरचं, बोअरच्या गाड्यांचं. स्पोर्ट्स कारशी तुमचा संबंध नाही, असं तुम्हीच हसून सांगता. पण जुन्या पेट्रोल गाडीला कमी पैशात टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा, बसवायचा, तर पैसा कुठे वाचवायचा आणि कुठे अजिबात वाचवायचा नाही, हे तुमच्याइतकं नीट कोणी सांगितलं नाही. हे जाहीर पत्र त्यासाठी. वर्धा-यवतमाळकडची जी पोरं हा उद्योग करायच्या बेतात आहेत, त्यांनीही ते वाचावं.

गाडी जुनी बलेनो असो की माझदाची एमएक्स-५, इंजिन १.६ लिटरचं, सोळा व्हॉल्व्हचं, कॉम्प्रेशन रेशो साडेनऊच्या आसपास. अशा इंजिनाच्या पोटात हात न घालता ०.४ बार, म्हणजे सहा पीएसआय दाब पेलवतो. त्यावर पंचवीस ते तीस टक्के ताकद वाढते. लोभ इथेच आवरा, हे तुमचं पहिलं सांगणं. दुसरं, आधी प्रत्येक सिलिंडरमधला कॉम्प्रेशनचा दाब मोजा. चार सिलिंडरमधला फरक दहा टक्क्यांच्या वर असेल तर टर्बोचे पैसे पिस्टनच्या रिंगांवर घाला.

डिझेलचा टर्बो पेट्रोलला लावू नका, हे तर डिझेलवाल्याच्याच तोंडून ऐकायला मिळालं, म्हणून पटलं. भंगारात १.३ लिटर डिझेलचे छोटे टर्बो ढिगाने मिळतात. पण पेट्रोलचा धूर ९०० अंशांच्या वर तापतो, डिझेलचा सहसा त्याच्या बराच खाली असतो. म्हणून डिझेलच्या टर्बोच्या घराला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, तडे जातात. शिवाय त्याचं टर्बाइन, म्हणजे धुरावर फिरणारं चाक, एवढं लहान की वरच्या आरपीएमला इंजिनाचा श्वास कोंडतो. त्यापेक्षा जुन्या ऑक्टाव्हिया १.८ टर्बो पेट्रोलचा के०३ नावाचा टर्बो बरा. घेताना शाफ्ट बाजूला किंचित हलला तर घाबरायचं नाही, बुश तेलावर तरंगणारे असतात. मागे-पुढे हललेला हाताला जाणवला, किंवा पातं घराला घासल्याची खूण दिसली, तर तिथेच ठेवून यायचं. या टर्बोला तेलासोबत पाण्याच्या नळ्याही लागतात, त्या बंद करून चालत नाही.

आता तेल. सगळ्यात जास्त आभार याच गोष्टीचे. तेल टर्बोपर्यंत दाबाने जातं, परत येतं ते फक्त स्वतःच्या वजनाने. म्हणून परतीची नळी आतून किमान १६ मिलिमीटर, जमल्यास १९. ती सतत उताराची हवी, मध्ये कुठे पोट आलेलं नको, आणि चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या डब्यात, ती तेलाच्या पातळीच्या वर उघडायला हवी. चेंबर काढूनच भोक पाडायचं, आतून बुश वेल्ड करायचा आणि कीस धुऊन टाकायचा. हे चुकलं की तेल टर्बोत तुंबतं, सीलमधून निघतं, निळा धूर येतो. लोक टर्बो बदलतात आणि दुसराही धूर काढतो! अशा वेळी पीसीव्ही व्हॉल्व्हही, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ ओढून घेणारी झडपही, बघावी. तिच्या नळीत एकमार्गी व्हॉल्व्ह टाकला नाही तर टर्बोचा दाब क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पोटात, शिरतो आणि परतीचं तेल वरच अडकतं.

आणि ते आटे! तेल घ्यायचं ते ऑइल प्रेशर स्विचच्या जागी टी बसवून. जपानी गाड्यांत तो आटा १/८ इंची बीएसपीटी, म्हणजे ब्रिटिश मापाचा, इंचाला २८ फेरे. बाजारातली टर्बोची फिटिंग बहुधा एनपीटी, म्हणजे अमेरिकन मापाची, इंचाला २७. दोन फेरे छान बसते, मग जड जाते आणि पाना जोरात ओढला की ब्लॉकला तडा. तुमच्याकडे पाइपकामाचे बीएसपी टॅप पडलेले असतात, म्हणून ही गोष्ट तुमच्या लगेच लक्षात आली.

मॅनिफोल्डसाठी जाड भिंतीचे, शेड्यूल ४० चे साधे लोखंडी बेंड आणि १० ते १२ मिलिमीटरची फ्लँज. पातळ स्टील दिसतं झकास, पण टर्बोच्या वजनाने फाटतं. म्हणून टर्बोला खालून टेकूही द्यायचा. बोअरचा जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, पाइप कितीही फुकट मिळो, वापरायचा नाही. जस्ताचा धूर वेल्डरच्या छातीत जातो आणि टाकाही भुसभुशीत बसतो.

उन्हाचं गणित आम्ही मांडलं, पण सुचवलं तुम्हीच. बाहेर ४५ अंश असताना ०.४ बार दाब दिला की, टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरली तरी, हवा ९० च्या आसपास तापते. डिसेंबरात १२ अंश असताना तीच ५३ वर थांबते. थंड मुलखातले बरेच लोक एवढ्या दाबाला इंटरकूलर, म्हणजे दाबलेली हवा थंड करणारी जाळी, लावत नाहीत. आपल्याकडे मे महिन्यात तो नसेल तर नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमधलं पेट्रोल आपोआप भडकून बसणारे ठोके, ठरलेलं. भंगारातला डिझेलचा इंटरकूलर चालतो, मात्र आतलं तेल रॉकेलने धुऊन पूर्ण वाळवायचं. तेलाची वाफ पेट्रोलमध्ये मिसळली की तीच नॉकिंग करते. हवेचा फिल्टर बॉनेटखाली न ठेवता पुढे, बाहेरच्या हवेत. जिनिंगच्या दिवसांत कापसाचा फुफाटा जाळीत बसतो, तो मागून हवा मारून काढायचा.

बेल्टवर चालणारा सुपरचार्जर, मिनी कूपर एसचा ईटन एम४५, हा दुसरा रस्ता. तेलाची भानगड कमी, पण हवा टर्बोपेक्षा जास्त तापवतो. आपल्या उन्हाला तो मागेच ठेवलेला बरा.

पेट्रोलची बाजू तुमची नाही, तरी हिशेब तुमच्या भिंतीवर लावण्यासारखा आहे. १४० हॉर्सपॉवर धरली, पेट्रोल फवारणारे चार इंजेक्टर ८० टक्के वेळच उघडे ठेवले, तर प्रत्येकी मिनिटाला साधारण २७५ सीसी लागतं. ई२० ला, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला, सात-आठ टक्के जास्त, म्हणजे ३०० ते ३३०. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात, त्या आधी बदलायच्या. दाबाखाली लॅम्ब्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण; १ म्हणजे नेमकं, कमी म्हणजे पेट्रोल जास्त) ०.८० च्या आसपास, ठिणगीचं टायमिंग दर पीएसआयला एक अंश मागे, हवा ६० अंशांच्या वर गेली की आणखी दोन-तीन. प्लग एक नंबर थंड, एनजीकेत ६ चा ७, आणि गॅप ०.७ मिलिमीटर. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, म्हणून स्पीडुइनो स्वस्तात बनतं. धुरावरून लॅम्ब्डा मोजणारा वाइडबँड मीटर मात्र उसना का होईना, घेतल्याशिवाय पूर्ण पाय द्यायचा नाही. वेस्टगेटची, म्हणजे जास्तीचा धूर टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेची, नळी निसटली तर दाब आवरत नाही, म्हणून ०.५ बारला इंधन तोडायची सेटिंग पहिल्याच दिवशी.

आरटीओचंही लिहून ठेवतो: मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. मंजुरीशिवाय असा बदल केलेली गाडी रस्त्यावर आणली तर आरसी आणि विमा दोन्ही अडचणीत.

तुमचा २८ आट्यांचा टॅप अजून आमच्याकडेच आहे. तेल लावून, कागदात गुंडाळून ठेवलाय. पोळ्याच्या आधी दुकानात आणून देतो.

तुमचेच,
टर्बोच्या नादी लागलेली मंडळी