एम.टेक.चे विद्यावेतन कधी वाढणार?

महोदय,

इलेक्ट्रिकल शाखेतून एम.टेक. करायचे, तर चांगल्या संस्थेसाठी ‘गेट’ या राष्ट्रीय परीक्षेला पर्याय नाही. राज्याच्या प्रवेशफेरीत आधी गेटधारकांना जागा मिळतात, उरलेल्या पदवीच्या गुणांवर भरतात. पण दोघे एकाच बाकावर बसले, तरी एआयसीटीईचे (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेचे) महिना १२,४०० रुपये विद्यावेतन फक्त गेटधारकाला. प्रवेशाच्या वेळीच स्कोअर वैध हवा, नंतर परीक्षा उत्तीर्ण होऊन उपयोग नाही. गेट पदवीच्या तिसऱ्या वर्षातही देता येते आणि स्कोअर ३ वर्षे चालतो, हे कित्येक मुलांना प्रवेशाच्या तोंडावर कळते.

माझा एक विद्यार्थी प्रवेशानंतर गेट उत्तीर्ण झाला. दिवसभर इन्व्हर्टरच्या सर्किटवर खपतो, ऑसिलोस्कोपवर लहर जरा स्वच्छ दिसू लागते तोवर डिप्लोमाच्या मुलांची शिकवणी घ्यायची वेळ होते आणि त्याला सगळे बंद करून पळावे लागते. खोलीभाडे आणि मेसचे पैसे त्यातूनच निघतात.

मुळात ही रक्कमही तोकडी आहे. पीएचडीची जेआरएफ ही मासिक संशोधनवृत्ती २०१९ मध्ये ३१,००० आणि २०२३ मध्ये ३७,००० झाली. १२,४०० मात्र तिथेच. सौरऊर्जा आणि विद्युत वाहनांसाठी पॉवर इलेक्ट्रॉनिक्स जाणणारी माणसे हवीत ना? मग केंद्राने हे विद्यावेतन वाढवावे आणि पहिल्या वर्षात गेट उत्तीर्ण होणाऱ्याला निदान दुसऱ्या वर्षी तरी ते सुरू करावे.

– एक प्राध्यापक, सांगली