लॉगिनचा दरवाजा वेगळा हवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ऑनलाइन फसवणुकीच्या बातम्यांसोबत नागरिकांनी पासवर्ड कसा निवडावा आणि तो कोणाला सांगू नये, याविषयीच्या सूचना आपल्या दैनिकात वरचेवर प्रसिद्ध होतात. त्या आवश्यकच आहेत. परंतु सभासदाने कितीही अवघड पासवर्ड ठेवला, तरी तो ज्या संकेतस्थळावर टाकायचा ते कसे बांधले आहे, याची चौकशी क्वचितच होते. एका सहकारी पतसंस्थेचे संगणकीय काम मी गेली काही वर्षे पाहतो. तेथील अनुभवावरून हे पत्र लिहीत आहे. त्यातील एक चूक तर माझीच आहे.

आमच्याकडे तीन वेब ॲप्लिकेशन होती: सभासदांच्या पासबुकाचे, पिग्मी प्रतिनिधींच्या वसुलीचे आणि कार्यालयातील हिशेबाचे. तिन्ही वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ठेकेदारांकडून करून घेतलेली. त्यामुळे प्रत्येकाचा लॉगिन निराळा आणि पासवर्ड साठवलेला तक्ताही निराळा. एक प्रतिनिधी काम सोडून गेला, तेव्हा त्याचे वसुलीचे खाते त्याच दिवशी बंद झाले. हिशेबातले मात्र तीन आठवडे उघडेच राहिले. त्याने गैरवापर केला नाही हा त्याचा चांगुलपणा, त्याचे श्रेय आमच्या व्यवस्थेला नाही.

यावरचा उपाय नवा नाही. ओऑथ २.० हे परवानगी देण्याचे मानक इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स या इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या संघटनेने ऑक्टोबर २०१२ मध्ये आरएफसी ६७४९ या क्रमांकाचा दस्तऐवज म्हणून प्रसिद्ध केले आणि त्यावर ओळख पटवण्याचा थर चढवणारे ओपनआयडी कनेक्ट २०१४ मध्ये आले. त्यांच्या मुळाशी एक साधी विभागणी आहे: परवानगी देण्याचे काम ॲप्लिकेशनने करायचे नाही, त्यासाठी ऑथोरायझेशन सर्व्हर स्वतंत्र ठेवायचा. सभासदाने लॉगिनचे बटण दाबले, की ब्राउझर पासबुकावरून या सर्व्हरच्या पानावर जातो. पासवर्ड आणि ओटीपी तेथेच टाकला जातो. सर्व्हर एकदाच चालणारा, थोडा वेळ टिकणारा कोड देऊन ब्राउझरला परत पाठवतो, आणि तो कोड दाखवून पासबुकाचे ॲप्लिकेशन सर्व्हरकडून परस्पर टोकन, म्हणजे सर्व्हरची सही असलेला ठरावीक मुदतीचा डिजिटल परवाना, घेते. पासवर्ड ॲप्लिकेशनच्या दृष्टीसही पडत नाही, आणि माणूस काम सोडून गेला की खाते एकाच ठिकाणी बंद करावे लागते.

या सर्व्हरसाठी आम्ही कीक्लोक हे मुक्त सॉफ्टवेअर निवडले. ते चालू करायला एक दुपार पुरली. आणि तेथेच फसगत होते, कारण दुपारी जे चालू होते ते चाचणीचे रूप असते: डेटाबेस तात्पुरता, एचटीटीपीएस (वाटेत कोणाला वाचता येणार नाही अशी सांकेतिक जोडणी) नाही. खऱ्या कामासाठी पोस्टग्रेससारखा स्वतंत्र डेटाबेस, एचटीटीपीएसचे प्रमाणपत्र आणि बॅकअप लागतो. त्यातही सर्व यंत्रांची घड्याळे जुळलेली हवीत. आमच्या एका यंत्राचे घड्याळ चार मिनिटे मागे होते, त्यामुळे नुकतेच दिलेले टोकन त्याला ‘अजून लागू न झालेले’ वाटे आणि आम्ही दोन दिवस भलतीकडेच दोष शोधत बसलो.

आता माझी चूक. ही टोकने बहुधा बेअरर चेकसारखी असतात. ज्याच्या हाती पडतील, त्याची होतात. म्हणून लॉगिननंतर ब्राउझरला कोणत्या पत्त्यावर परत पाठवायचे, हे सर्व्हरमध्ये आधी नोंदवावे लागते. मी सोयीसाठी त्या पत्त्याच्या शेवटी तारांकन टाकले, म्हणजे आमच्या संकेतस्थळावरचे कोणतेही पान चालू लागले. त्यातच वाचकाला हव्या त्या बाहेरच्या दुव्याकडे वळवणारे एक जुने पान शिल्लक होते. कोणी ठरवले असते, तर त्या वाटेने कोड बाहेर गेला असता. जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ९७०० नुसार परतीचा पत्ता अक्षर न् अक्षर जुळलाच पाहिजे. कोड चोरीला गेला तरी तो चोराच्या उपयोगी पडू नये म्हणून पीकेसीई ही युक्ती २०१५ पासून उपलब्ध आहे. तीत ॲप्लिकेशन सुरुवातीला एका गुप्त आकड्याचा केवळ ठसा (ज्यावरून मूळ आकडा काढता येत नाही असा) पाठवते आणि टोकन घेताना मूळ आकडा दाखवते. ॲप्लिकेशनने पासवर्ड स्वतः घेऊन सर्व्हरकडे पोचवण्याची जुनी पद्धत तर त्याच दस्तऐवजाने निषिद्ध ठरवली आहे.

दुसरा प्रश्न टोकनाच्या आयुष्याचा. कीक्लोकमध्ये ते मुळात पाच मिनिटे असते. दर पाच मिनिटांनी आपण बाहेर फेकले जातो, अशी एका संचालकांनी तक्रार करताच आमच्या ठेकेदाराने ते आठ तासांवर नेले. परंतु आमची ॲप्लिकेशन टोकनावरची सही आणि मुदत स्वतःच तपासतात, दर वेळी सर्व्हरला विचारत नाहीत. तेव्हा सकाळी खाते बंद केलेला माणूस हाती असलेल्या टोकनावर संध्याकाळपर्यंत वावरू शकला असता. ज्या दुखण्यासाठी एवढा खटाटोप केला, तेच चोरपावलांनी परत आले होते. मुदत पाच मिनिटेच ठेवून रिफ्रेश टोकनाने, म्हणजे सर्व्हरला दाखवून नवे टोकन मिळवण्याच्या दुसऱ्या टोकनाने, ती गुपचूप वाढवत राहणे, हा त्यावरचा मार्ग; खाते बंद असेल तर सर्व्हर नवे टोकन देत नाही. संचालकांना त्यानंतर काही जाणवले नाही.

लहान संस्थांच्या निविदांत ‘लॉगिनची सुविधा असावी’ एवढी एकच ओळ असते. त्याऐवजी ऑथोरायझेशन सर्व्हर कोणाच्या ताब्यात राहील, परतीचे पत्ते कोण नोंदवील आणि टोकनाची मुदत किती, हे त्यांनी लिहून घ्यावे. आमच्या अलीकडच्या निविदेत आम्ही ते लिहिले, तेव्हा एका ठेकेदाराने विचारले, की सभासदांचे पासवर्ड आमच्याकडे येणारच नसतील तर लॉगिन चालवून दाखवायचा कसा. त्यांना चाचणीच्या सर्व्हरचा पत्ता आणि एक खोटा सभासद तयार करून दिला आहे.

आपला,
एक वाचक, सांगली