रविवारचा एक तास

पर्वरी,
रविवार, रात्र.

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

दोन महिने मी केरीला आले नाही म्हणून आई रुसली आहे आणि ‘लोकांच्या मुलांना फुकट शिकवणी’ असे बाबा म्हणाले, हे माझ्या मनात राहिले आहे. फोनवर ते नीट उलगडून सांगता आले नाही, म्हणून हे पत्र.

रविवारी दहा ते अकरा मी जिच्याशी संगणकावरून बोलते, ती काणकोणकडची मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असून जन्मापासून अंध आहे. मराठी आणि अर्थशास्त्र हे तिचे विषय. मला मार्गदर्शक म्हणतात, पण पहिल्याच आठवड्यात मी माझ्या जुन्या टिपणांची पाने स्कॅन करून पाठवली, आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी तिची प्रणाली गप्पच बसली. ‘ताई, हे नुसते फोटो आहेत,’ ती शांतपणे म्हणाली. ती प्रणाली म्हणजे एनव्हीडीए. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी 2006 साली तिचे काम सुरू केले आणि ती आजही विनामूल्य मिळते.

मराठीचा घोळ याहून मोठा निघाला. तिला मिळालेली टिपणे युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरांच्या सामाईक पद्धतीच्या, आधीच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली होती. आपल्या डोळ्यांना ती शुद्ध मराठी दिसतात. आत मात्र इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असतात, त्यामुळे प्रणाली ओवीच्या जागी निरर्थक अक्षरांची माळ वाचत बसते. वर्षभर ती मैत्रिणींकडून ही पाने वाचून घेत होती. ती युनिकोडमध्ये बदलून, बिघडलेली जोडाक्षरे एकेक करून सुधारण्यात माझे तीन रविवार गेले, आणि आई, तुझ्या हातची पेज चुकली ती त्यातच.

तिला ‘बिचारी’ मात्र म्हणू नकोस. मागे मी दहा मिनिटे उशिरा आले, तेव्हा तिने माझी चांगली हजेरी घेतली.

आता बाबांकडे काम आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने पूर्वीच्या 7 ऐवजी 21 प्रकारची दिव्यांगत्वे मान्य केली. परीक्षेला लेखनिक मिळतो आणि तासाला 20 मिनिटे जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. परंतु मागणीची वक्ररेषा काढायची असेल, तर ती कशी काढायची हे लेखनिकाला तिनेच तोंडी सांगायचे असते. उभ्या अक्षावर किंमत, आडव्या अक्षावर नग, रेषा डावीकडून वरून निघून उजवीकडे खाली उतरते, इथवर मी सांगते. पुरवठ्याची रेषा आली, छेदबिंदू आला, त्यात एक रेषा सरकली, की मी स्वतःच अडखळते, कारण बँकेत इतकी वर्षे काढूनही आकृती न दाखवता समजावण्याची सवय मला कधी लागलीच नाही. तिच्या आईने पुठ्ठ्यावर लोकरीचे धागे चिकटवून रेषा बोटांना लागतील असे केले आहे, त्याचा उपयोग होतो, पण परीक्षेत पुठ्ठा नसतो.

बाबा, भूमितीच्या तासाला तुम्ही फळा कोरा ठेवून आम्हाला आकृती तोंडी सांगत होता आणि ज्याची आकृती चुके त्याला नव्हे, तर स्वतःच्या वाक्याला दोष देऊन तेच वाक्य बदलून पुन्हा सांगत होता. तेव्हा मला त्याचा कंटाळा येत असे. तिला नेमके तेच हवे आहे. पुढच्या रविवारी अर्धा तास तुम्ही आमच्यात बसाल का? केरीला रेंज मागच्या अंगणातच येते. तिथे खुर्ची टाकून साडेदहाला फोन हाताशी ठेवा, जोडून मी देईन. तिला तुमच्याविषयी सांगितले आहे, आणि तिने आत्तापासून प्रश्न काढून ठेवले आहेत.

चवथीला मी दोन दिवस आधी येते. आई, गणपतीवर टांगायच्या माटोळीचे काय काय आणायचे ते बाबांकडून लिहून पाठव, म्हापशाच्या बाजारातून घेऊन येईन.

तुमची,
बाय