चौथ्या मात्रेवर थांबताना

संपादक महोदय,

आपल्या पुरवणीत साल्सा, बचाटा या जोडीने नाचायच्या लॅटिन अमेरिकी नृत्यांचा उल्लेख येतो तो वजन घटवण्याचा उपाय म्हणून. याचं वाईट वाटतं, म्हणून हे पत्र.

मी ५१व्या वर्षी साल्सा शिकायला लागले. आठ मात्रांपैकी सहांवर पाऊल पडतं. चौथी आणि आठवी मोकळी. त्या मोकळ्या मात्रेत थांबणं मला चार महिने जमलं नाही. जोडीदाराच्या हाताचा इशारा यायच्या आधीच मी वळलेली असायचे. ‘ओळखू नकोस, वाट बघ,’ एवढंच शिक्षिका सांगत. (माझे यजमान नाचत नाहीत. वर्गात दर गाण्याला जोडीदार बदलतो, आणि त्यामुळेच इशारा वाचायची सवय लागते.) मग एके दिवशी गाण्यातले क्लावेचे (साल्साचा आधार असलेल्या, दोन काठ्यांवर वाजणाऱ्या तालाचे) पाच ठोके स्वच्छ ऐकू आले आणि पाय आपोआप थांबले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

युनेस्कोने २००९मध्ये टँगोला, २०१६मध्ये क्यूबाच्या रुम्बाला आणि २०१९मध्ये डॉमिनिकन बचाटाला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिलं. त्यांच्या तालाविषयी, इतिहासाविषयी कृपया सविस्तर छापा.

– एक विद्यार्थिनी