हाताची पाठ लावून बघ

रविवार, सकाळ

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर आईने विचारलं, "झाली का गं ती होडीची शर्यत एकदाची?" आणि मी "झाली" एवढंच म्हणून विषय संपवला. फोन ठेवल्यावर मला चैन पडेना. ज्या होडीपायी मी मे महिन्यात बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आले नाही, तिच्याबद्दल तुम्हाला एका शब्दात सांगून मोकळं व्हायचं, हे बरं नाही. म्हणून आज सकाळी चहा घेऊन लिहायलाच बसले. "आई, बाबांना मोठ्याने वाचून दाखव" असं सवयीने लिहिणार होते. पण आता बाबा, तुमचं तुम्हीच वाचा. ड्रॉप्स मात्र चुकवू नका, डॉक्टरांनी सांगितलंय तेवढे दिवस घालायचे.

आधी स्पर्धेचं सांगते. हिचं नाव सोलर स्प्लॅश. १९९४ साली सुरू झालेली, कॉलेजच्या मुलांनी स्वतः बांधलेल्या सौरहोड्यांची. यंदा आम्ही ओहायो राज्यातल्या स्प्रिंगफील्डला गेलो होतो, गाडीला मागे ट्रेलर जोडून, होडी त्यावर ताडपत्रीत गुंडाळून. आई, तुला वाटतं तशी ही एकच शर्यत नसते. पाच दिवस चालतं सगळं. आधी तपासणी, मग ३०० मीटरची सरळ धाव, मग पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या बोयांमधून नागमोडी जायचं आणि शेवटी दोन-दोन तासांच्या लांब फेऱ्या. होडी कशी बांधली याचा अहवालही आधी पाठवावा लागतो आणि त्यालाही गुण असतात.

नियम असे आहेत की पैसेवाल्याला फार फायदा होऊ नये. सौरपट्ट्या पाचशे वॅटच्या घरातल्या. म्हणजे बाबा, आपल्या घरातलं मिक्सर जेवढं ओढतं तेवढंच, तेही ऊन अगदी डोक्यावर असेल तर. बॅटऱ्या शिशाच्या, सगळ्या मिळून जेमतेम ४५ किलो. आणि चालवणारा माणूस ७० किलोंचा तरी हवा. कमी भरला तर उरलेलं वजन होडीत ठेवायचं. मी भरले ५१ किलो. आई, तू दर फोनला म्हणतेस ना, "काही खातेस की नाही?" तर तुझी लेक शर्यतीत १९ किलो वाळूच्या पिशव्या पायाशी घेऊन बसली होती. हे वाचून तू लाडू पाठवशील हे मला माहीत आहे. पाठव.

होडी आम्ही अकरा जणांनी मिळून केली. फोमचा साचा कापला, त्यावर काचेचं कापड आणि इपॉक्सी चढवलं आणि मग महिनाभर घासत बसलो. मास्क लावून घासलं तरी ती पांढरी पूड मानेवर, मनगटावर बसते आणि रात्रभर खाजते. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, अरुंद ठेवली, पाणी कापत जावी म्हणून. पहिल्यांदा तळ्यात सोडली तेव्हा ती डाव्या अंगाला कलली आणि माझ्या पोटात गोळा आला. बॅटऱ्या दोन बोटं सरकवल्या तशी सरळ झाली. लहानपणी दाभोळच्या खाडीत तरीवाला ओरडायचा, "सगळे एकीकडे बसू नका रे!" त्याचं ओरडणं मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं.

आता एप्रिलमधलं सांगते. बाबा, त्या दिवशी तुमच्याकडे सकाळचे साडेसहा, इथे संध्याकाळ असताना मी फोन केला होता, तुमचा चहाही व्हायचा होता. तेव्हा मी फक्त "एक जोड तापतोय" एवढंच म्हटलं होतं. खरं काय झालं होतं ते तुम्हाला काळजी वाटेल म्हणून सांगितलं नाही.

सरळ धावेचा सराव चालला होता. त्या वेळी मोटार काही सेकंदांसाठी अडीचशे अँपिअर ओढते. दुसऱ्या खेपेला मला वास आला. पीव्हीसी जळल्याचा. बाकीच्यांना कळायच्या आधी मला कळला, कारण तो वास घेऊनच मी लहानाची मोठी झाले. तुम्ही वीज बोर्डात होतात तेव्हा पावसाळ्यात डीपीवरचा जंप, म्हणजे तारा जोडणारा वायरचा तुकडा, जळाला की रात्री-अपरात्री जायचात आणि पहाटे परत यायचात तेव्हा तुमच्या खाकी शर्टाला हाच वास असायचा. आई तो शर्ट वेगळा भिजत घालायची. मी ओरडले, "बंद करा!" आणि मोटार तोडणारी लाल दोरी ओढली. झाकण उघडलं तर बॅटरीच्या टोकाजवळचं वायरचं वेष्टण वितळून काळं झालेलं आणि प्लॅस्टिकची पेटी आतून तपकिरी पडलेली. आणखी एक खेप मारली असती तर काय झालं असतं याचा विचार अजूनही नको वाटतो.

संध्याकाळी सगळे हिशेब मांडत बसले. मोटार जास्त ओढते का, वायर बारीक आहे का, कंट्रोलर बिघडला का. मी बाजूला जाऊन तुम्हाला व्हिडिओवर धरलं. तुम्ही म्हणालात, "मला काही दिसत नाही गं, सगळं धुक्यात आहे. तू सांग, मी विचारतो." आणि मग तुम्ही एकेक विचारत गेलात. थिंबल कशाने दाबलं? (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी. इथे लग म्हणतात, पण माझ्या तोंडी थिंबलच येतं.) पकडीने दाबलं की मशीनने? दाबलेली जागा चपटी झालीय की सहा कोनी? आतल्या बारीक तारा सगळ्या आत गेल्यात की दोन-चार बाहेर वाकल्यात? मी मोजल्या. सात बाहेर होत्या. "आता वायर धरून ओढ," तुम्ही म्हणालात. मी ओढली आणि ती सरळ हातात आली.

बाबा, तुमच्या डोळ्यांना त्या वेळी माझा चेहराही दिसत नव्हता. तरी चौदा हजार किलोमीटरवरचा सैल जोड तुम्ही पाच प्रश्नांत शोधलात. मी तुमच्यापुढे काही बोलले नाही, पण फोन ठेवल्यावर तिथेच जमिनीवर बसून रडले.

दुसऱ्या दिवशी मी मुलांना फळ्यावर दाखवलं. करंट दहापट झाला की जोडावरची उष्णता शंभरपट होते. लांब फेरीत पंचवीस अँपिअरला तोच जोड कोमट राहील आणि कुणाला संशयही येणार नाही. अडीचशेला तो जाळतो. हे गणित पुस्तकात आम्ही सगळ्यांनीच केलेलं होतं. पण जोडाला हात लावून बघायचं हे त्यांच्यापैकी कुणाला घरात कुणी शिकवलेलं नव्हतं. मग हायड्रॉलिक दाबयंत्र उसनं आणलं, सगळी अठ्ठावीस थिंबलं कापून टाकली आणि नवीन दाबली. प्रत्येक वायर दोघांनी दोन बाजूंनी ओढून बघितली.

दोन नियम मी तुमचे जसेच्या तसे लावले. एक, परमिट, म्हणजे लाइन बंद असल्याची परवानगी, घेतल्याशिवाय खांबावर पाय ठेवायचा नाही. आमच्या होडीत मुख्य स्विचला काढता येणारी किल्ली आहे. ज्याचा हात आत, त्याच्याच खिशात ती किल्ली. दुसऱ्याने मागितली तरी द्यायची नाही. आणि दोन, प्रत्येक खेपेनंतर स्विच बंद करून सगळ्या जोडांवरून हात फिरवायचा. "तळवा नको, हाताची पाठ लावून बघ," हे मी तुमच्याच आवाजात मराठीत म्हणत असे आणि मग इंग्रजीत समजावत असे. का, तेही तुम्हीच सांगितलं होतंत, मी तिसरीत असताना : चुकून वीज असलीच तर मूठ वळते, आणि तळवा लावला असेल तर हात तिथेच धरून ठेवतो. शेवटी-शेवटी आमच्यातला एक दणकट मुलगा, जन्मात कधी मराठी न ऐकलेला, "पाठ, पाठ" म्हणत जोड तपासायचा.

आता शर्यतीचं. सरळ धावेत आम्ही मधल्या फळीत राहिलो. पुढच्या होड्या पाण्यावर उचलून पळत होत्या, आमची पोटावर सरपटत होती. नागमोडीत एक बोया चुकला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

लांब फेऱ्या मात्र सविस्तर सांगते, कारण तिथे मी एकटी होते. दोन तास सलग. समोर दोन आकडे : बॅटरीतून किती अँपिअर जातात आणि व्होल्ट किती उरलेत. शिवाय सौरपट्ट्यांकडून किती येतात ते. हिशेब असा की ऊन चांगलं असेल तर पट्ट्या अकरा देतात, बॅटरीतून चौदा घ्यायचे, म्हणजे मोटारीला पंचवीस मिळतात आणि दोन तासांत बॅटरी बरोबर तळाला जाते. आधी संपली तर होडी मध्येच उभी. शिल्लक राहिली तर तेवढं अंतर फुकट घालवलं. आणि वेगाचा हव्यास फार महाग असतो, दुप्पट वेग हवा तर साधारण आठपट ताकद लागते. शिशाची बॅटरी घाईने उपसली तर एकूण देतेही कमी.

पहिली फेरी छान उन्हात गेली. दुसऱ्या फेरीत पाऊण तास झाला आणि पश्चिमेकडून ढग आले. अकराचे सात झाले, मग तीन. माझ्या दोन्ही बाजूंनी होड्या पुढे जात होत्या. काठावरून वॉकीटॉकीवर मुलं म्हणत होती, वेग टिकव, ढग जाईल. मी वर बघितलं.

आई, तू मे महिन्यात गच्चीवर कुरडया घालायचीस आणि मला राखणीला बसवायचीस. खाली जाताना तू आकाशाकडे बघून ठरवायचीस : हा ढग जाणारा आहे की बसणारा. कडा पांढऱ्या आणि तुटक असतील तर जाणारा. खालून सपाट, शाईसारखा असेल तर चादर काढायची. तू हे मला कधी शिकवलं नाहीस, मी फक्त बघत बसायचे. तो ढग खालून सपाट होता. मी करंट सोळावर आणला. जीव खालीवर होत होता, कारण होडी पाण्यात उभीच राहिल्यासारखी वाटते, आणि आपण पाठीमागे पडतो आहोत हे सगळे काठावरून बघत असतात. पगार एकच, महिना मोठा, आणि मध्येच कुणाचं तरी आजारपण, अशा वेळी तू तांदळाच्या डब्यावर हात ठेवून एक क्षण थांबायचीस. मी तशीच थांबले होते. वाळूच्या पिशव्यांवर पाय दाबून, आकड्याकडे बघत.

चाळीस मिनिटं ढग हलला नाही. पुढे गेलेल्यांपैकी दोन होड्या एकामागोमाग एक थांबल्या. मला त्यांचा आनंद झाला नाही, खरंच सांगते. त्यातल्या एकीवरची मुलगी दोन्ही हातांत तोंड धरून बसली होती, आणि तिच्याजवळून जाताना मी हात वर केला. तिनेही केला. शेवटच्या पंधरा मिनिटांत ऊन परत आलं. तीनाचे बारा झाले. ढगाने पट्ट्या थंड केलेल्या असतात म्हणून पहिली काही मिनिटं त्या नेहमीपेक्षा जास्तच देतात. शिट्टी वाजली तेव्हा व्होल्टमीटर ३२ दाखवत होता, त्याच्या खाली गेलं की बॅटरी दुखावते. तळाशी थेंबही उरला नव्हता.

आम्ही पहिले आलो नाही, दुसरेही नाही. पण त्या फेरीत आम्ही एकदाही थांबलो नाही. काठाला लागल्यावर मी किल्ली काढून खिशात टाकली आणि सगळ्यांत आधी जोडांवरून हात फिरवला. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस थंड.

बाबा, केरळमध्ये वैकमला जानेवारी २०१७ पासून "आदित्य" नावाची सौर फेरीबोट चालते, ७५ माणसांची. सरकारी जलवाहतूक खातं चालवतं. म्हणजे हे खेळण्यापुरतं नाही. आपल्या खाडीतल्या तरीचं डिझेल, तिचा तो धूर आणि कानठळ्या, आणि पाण्यावरचा तेलाचा तवंग मला आठवतो. मला परत येऊन त्यावर काम करायचं आहे. खारं पाणी, भरती-ओहोटी आणि चार महिने पाऊस, हे सगळं इथल्या तळ्यापेक्षा फार अवघड आहे, आणि जोड तर खाऱ्या हवेत महिन्यात हिरवे पडतील. त्यावर तुम्ही बोर्डात असताना काय लावायचात ते मला लिहून पाठवा. पेट्रोलियम जेली की आणखी काही?

ऑपरेशनच्या दिवशी आई एकटी बाकावर बसली होती हे काकूने मला नंतर सांगितलं. आई, तू सांगितलं नाहीस. त्याचं मला वाईट वाटतं, आणि ते वाटणं मी कुठल्याही शर्यतीने भरून काढू शकत नाही. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर करू या असं डॉक्टर म्हणतात ना? मी नोव्हेंबरचं तिकीट काढलं आहे, तीन आठवड्यांचं. तारीख त्यातली घ्या. त्या दिवशी बाकावर मी बसेन.

येताना ते जळकं थिंबल घेऊन येते आहे, डबीत कापसात ठेवलंय. सातही तारा तशाच बाहेर आहेत. बाबा, अंगणात उजेडात बसून नीट बघा आणि सांगा, दाब नेमका कुठे कमी पडला होता.

तुमची,
मनू