कमानीखालच्या मेस्तमामांना

मेस्तमामा, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पुलाच्या कमानीचं गवंडीकाम संपल्याच्या दुसऱ्या दिवशी चहाचा थर्मास घेऊन आले, तर तिथे तुम्ही नव्हता आणि चुन्याचं घमेलंही नव्हतं. म्हणून हे असं उघड लिहिते आहे. ओळखीचं कुणीतरी वाचून दाखवीलच.

आम्ही रायबंदरची माणसं. आमच्यासाठी पणजीची वाट म्हणजे हा पूल. पोर्तुगीज व्हाइसरॉय असलेल्या लिन्हारेसच्या काउंटनं १६३३-३४ मध्ये बांधून घेतला, म्हणून पोंत द लिन्हारेस. आम्ही नुसतं कॉजवे म्हणतो. तीन किलोमीटरभर जांभा दगड, एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला मिठागरं, आणि कमानींखालून भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर. ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला तेव्हा मी शाळेत होते. त्या संध्याकाळी बाबांनी मला इथे आणलं आणि कठड्यावर हात ठेवायला लावला. बोलले काहीच नाहीत.

त्याच कठड्याखालच्या कमानीत पिंपळ रुजला. अर्ज घेऊन गेले, तर एका कचेरीत म्हणाले, पूल जुना आहे, तिकडे विचारा; तिकडे म्हणाले, रस्ता त्यांचा आहे. शेवटी माणसं आली, पिंपळ वरच्यावर छाटला आणि सिमेंट थापून गेली. मुळं आत तशीच. जांभा पाणी पितो आणि सोडतो, सिमेंटनं त्याचं तोंडच बंद केलं. दोन पावसाळ्यांत गिलावा सुटला तो चिऱ्यांची साल घेऊनच. फोटो दाखवले तर एक साहेब म्हणाले, "बाई, दगडच आहे ना तो?" आजही आठवलं की घशाशी येतं.

मग तुम्ही आलात. ओहोटी साधून गुडघाभर चिखलात उतरायचात, छिन्नीनं ते सिमेंट हलक्या हातानं काढायचात, मुळं उकरायचात, दर्जांत चुना भरायचात. ते सगळं मी वरून बघत होते. पण एक गोष्ट विसरणार नाही. निखळून चिखलात पडलेला एक चिरा पोऱ्यानं उचलून राडारोड्यात टाकला होता. तो तुम्ही परत आणवलात. धुतलात, पाण्यात भिजत ठेवलात, आणि बसवताना हातात दोनदा फिरवून बघितलात. पोऱ्या म्हणाला, "कसाही बसतोय मामा." तुम्ही म्हणालात, "शेवाळाची बाजू भायर. इतकी वर्सां ती भायरच आशिल्ली."

मुकादम नव्हता, साहेब नव्हता, बघायला कुणी नव्हतं. मी होते, तेही तुम्हाला ठाऊक नव्हतं. अशा माणसांच्या हातांवरच आपली घरं, देवळं, इगर्जी (चर्च) उभ्या आहेत, मामा, आणि त्यांची नावं कुठल्याच फलकावर नसतात.

काल भरतीच्या वेळी गेले होते. त्या कमानीपुढे बराच वेळ उभी राहिले. तुम्ही बसवलेला चिरा कोणता, ते मला ओळखता आलं नाही.