सखा भगवंत वाचा त्याची

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तुकाराम बीजेच्या सप्ताहात पाचव्या दिवशी रात्री ९ ते ११ची कीर्तनसेवा तुला सांगितली आहे, आणि तू नाही म्हणायच्या विचारात आहेस. आळंदीला शिकले नाही, गळा नाही, पाठांतर कच्चं, ही तुझी तीन कारणं. नाही म्हणण्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाच.

आळंदीच्या शिक्षणाचं मोल मी कमी म्हणत नाही. पण जोग महाराजांनी तिथे वारकरी शिक्षण संस्था काढली ती १९१७ साली. कीर्तन त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून उभं आहे. जनाबाई नामदेवांच्या घरी दळणकांडण करायची. तिचा अधिकार कुणी कागदावर लिहून दिलेला नव्हता. राहिला गळ्याचा आणि पाठांतराचा प्रश्न. त्यावर उपाय आहेत आणि ते वारकरी कीर्तनाच्या रचनेतच आहेत.

अभंग हा घे:

आपुलिया बळें नाहीं मी बोलत । सखा भगवंत वाचा त्याची ॥
साळुंकी मंजुळ बोलतसे वाणी । शिकविता धणी वेगळाची ॥
काय म्यां पामरें बोलावीं उत्तरें । परि त्या विश्वंभरें बोलविलें ॥
तुका म्हणे त्याची कोण जाणे कळा । चालवी पांगळा पायांविण ॥

हा मोठा अभंग आहे: प्रत्येक चरणात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. पाठ करताना याच तुकड्यांवर थांब, म्हणजे चाल आपोआप बसेल. बसून वाचू नकोस. उभी राहून, हातात टाळ घेऊन, रोज सकाळी पंधरा मिनिटं मोठ्याने म्हण. आठ दिवसांनी तिसऱ्या चरणापासून सुरुवात करून बघ. पहिल्यापासूनच म्हणता येत असेल आणि मधून येत नसेल, तर ते पाठांतर नव्हे, नुसता प्रवाह आहे. लोकांसमोर एक शब्द अडला की असा प्रवाह तुटतो.

दोन तास असे वाट. जय जय रामकृष्णहरी आणि रूपाचा, म्हणजे विठोबाच्या रूपाचं वर्णन करणारा, अभंग यात पंचवीस मिनिटं जातात. पहिल्या चरणाला वीस, साळुंकीला तीस, तिसऱ्याला वीस, चौथ्याला पंधरा आणि शेवटच्या 'हेचि दान'ला दहा. नवा कीर्तनकार पहिल्या चरणावर पाऊण तास घालवतो आणि चौथा चरण दोन मिनिटांत गुंडाळतो. मग लोक 'चालवी पांगळा' न ऐकताच घरी जातात. घड्याळ समोर दिसेल असं ठेव.

साळुंकीला जास्त वेळ मुद्दाम दिला आहे, कारण तुझ्या मनातल्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. साळुंकी गोड बोलते, पण शिकवणारा धणी वेगळा. तरी पक्षी पिंजऱ्यात झोपून राहिला तर बोल येत नाहीत. धणी पुन्हा पुन्हा तेच म्हणतो आणि ती ऐकते. ऐकणं हे तिचं काम. देव बोलवून घेईल म्हणून तयारी सोडणं हा या चरणाचा उलटा अर्थ झाला, आणि तो फार जण करतात.

तिसऱ्या चरणात 'पामर' शब्दावर रेंगाळू नकोस. 'मी लहान, मला काय कळतं' असं पाच मिनिटं सांगत बसलं की ऐकणारा अवघडतो आणि लक्ष देवावरून बोलणाऱ्यावर येतं. चरणाचं सगळं वजन 'परि' या दोन अक्षरांवर आहे. तिथे थांब, श्वास घे, मग 'विश्वंभरें बोलविलें' म्हण. दृष्टांत पैठणच्या रेड्यामुखी वेदांचा. चौथ्याला ज्ञानदेवांनी चालवलेली भिंत: तिला पाय नाहीतच, आणि अभंगही 'पायांविण' म्हणतो. दृष्टांत चार मिनिटांच्या वर नेऊ नकोस.

प्रमाणं, म्हणजे आधाराला घ्यायची संतवचनं, प्रत्येक चरणाला दोनच. पहिल्याच चरणाला चोखोबांचं 'ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा' घे, तुझ्या 'गळा नाही'ला ते थेट लागतं. प्रमाण कुणाचं ते गाथ्यात बघूनच सांग. नामदेवांचं ज्ञानोबांच्या नावावर गेलं तर पुढे बसलेली म्हातारी माणसं लगेच ओळखतात. पोस्टकार्डाएवढी चार कार्डं कर. प्रत्येकावर चरण, एका ओळीत अर्थ, प्रमाणांचे पहिले दोन शब्द आणि दृष्टांताचं नाव एवढंच लिही. पूर्ण वाक्यं लिहिलीस तर मान खाली जाईल आणि आवाज सपाट होईल.

आता गळा. तुला पेटीची काळी चार ही पट्टी सोयीची, आपले गायक काळी एकला गातात. दोन दिवस आधी पेटी घेऊन त्यांच्यासोबत बस आणि पट्टी ठरव. चाल त्यांनीच लावायची, चढा स्वर त्यांनीच घ्यायचा. तू नुसता चरण उचलून द्यायचा. मृदंगाच्या वर आवाज काढायला गेलीस तर अर्ध्या तासात घसा बसेल. बोलायच्या वेळी हाताने खूण कर, मृदंग थांबतो.

आणि विसरलीसच तर? प्रमाणाची अर्धी ओळ म्हण, उरलेली टाळकरी पूर्ण करतात. तेही सुचलं नाही तर हात वर करून 'विठोबा रखुमाई' सुरू कर. टाळ उचलले जातात, दोन मिनिटं तुला काही बोलावं लागत नाही आणि तेवढ्यात कार्डावर नजर टाकता येते. मागे वीस माणसं उभी असतात ती याचसाठी. वारकरी कीर्तनात एकट्यावर भार ठेवलेलाच नाही, आणि 'सखा भगवंत' मला तरी त्या टाळकऱ्यांतच आधी दिसतो.

तू रोज वर्गातल्या चाळीस पोरांना अपूर्णांक समजावतेस. कठीण गोष्ट सोपी करून सांगणं ही देणगी देवाने तुला आधीच दिली आहे, आणि निरूपणाला नेमकी तीच लागते. वर्गात बोलतेस त्याच भाषेत बोल. कीर्तनकारी हेल काढू नकोस.

होकार उद्याच कळव, पत्रिका छापायला जाते आहे. त्या दिवशी दुपारनंतर घशाला विश्रांती दे, कुजबुजूही नकोस, त्यानेही घसा ताणतो. तुकोबांनी 'जेथें कीर्तन करावें । तेथें अन्न न सेवावें' असं सांगितलं आहे, तेव्हा मंडपातल्या पंगतीला बसायचं नाही. आई साडेसहाला वरणभात वाढेल.

तुझे,
बाबा